दोन सूत जागा

सन दोन हजार तेरा. फिटर तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता, मी त्रेसष्टचा. सलग दुसरं साल पावसाविना गेलतं, मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या होत्या, गावाला आठवड्यातून दोनदा टँकर यायचा, आणि हा माणूस बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये बसून टाकाऊ प्लास्टिकचं लाकूड करत होता.

लाकूड म्हणू नको, असं मी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं. लाकूड झाडाचं असतं. मी सुतार आहे, माझा बाप सुतार, त्याचा बाप सुतार. तलवाड्याकडच्या चार गावांत अशी गल्ली नाही जिथं आमच्या हातची चौकट उभी नाही. फिटर म्हणाला, "बरं, मग तुमीच नाव ठेवा, मिस्तरी." मी नाव ठेवलं नाही. नावं मात्र वर्षभर ठेवत राहिलो.

त्याचं खरं नाव मी इथं लिहीत नाही, कारण त्यालाच ते आवडायचं नाही. जिनिंगवर फिटर होता म्हणून फिटर. गाव कोणतं, तर कुणी म्हणायचं नांदूरघाटकडचा, कुणी म्हणायचं तेलगावचा. त्याला विचारलं की म्हणायचा, "मस्टर बगा." मस्टर, म्हणजे हजेरीपट, जिनिंग संस्थेच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली चेअरमनकडे, आणि चेअरमन म्हणायचे किल्ली हरवली. जिनिंग संस्था बंद पडली तेव्हा सगळे कामगार आपापल्या गावी गेले. हा गेला नाही. शेडच्या मागच्या खोलीत राहिला. कुणी नाही म्हटलं नाही, कारण शेडमधल्या यंत्रांची चोरी त्याच्यामुळंच होत नव्हती.

लग्न केलेलं नव्हतं. "कावून केलं न्हाई?" असं विचारलं तर म्हणायचा, "रात्रपाळी होती." पस्तीस वर्षं रोज रात्रपाळी कशी असेल, हे विचारायची सोय नव्हती.

तो सगळ्यांना बे म्हणायचा. तलाठ्याला बे, डॉक्टरला बे. चेअरमनला तर भर सभेत म्हणाला होता, "बे चेअरमन, खुर्ची जरा सरकव, माझी फळी दबली." मला मात्र तुमी म्हणायचा आणि मिस्तरी म्हणायचा. मला ते आवडायचं. मी त्याला तू म्हणायचो आणि तेही मला आवडायचं.

त्याची एक खोड होती. कोणतीही वस्तू दिसली की बोटाच्या पेरानं टकटक वाजवायची आणि कान लावून ऐकायचं. रांजण वाजवायचा, बैलगाडीचं चाक वाजवायचा, चहा यायच्या आधी कप वाजवायचा. एकदा माझ्या घरी आला. दारातच थांबला आणि माझ्या चौकटीवर पेर मारलं. ती चौकट बाभळीची, माझ्या बापानं केलेली. तीन वर्षांपूर्वी तिला वाळवी लागली होती. आतून पोकळ झालती. मी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून तपकिरी रंग मारला होता आणि बायकोशिवाय कुणाला कळू दिलं नव्हतं. सुताराच्या घरची चौकट वाळवीनं खाल्ली हे गावाला कळलं तर कुणाला तोंड दाखवू? फिटरनं टकटक केलं, कान लावला, आणखी खाली टकटक केलं. मग माझ्याकडं बघितलं. तो आत येऊन बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "चहा बेस हाय." चौकटीबद्दल नंतरही कधी कुणाकडं बोलला नाही.

हे मी आधी सांगून ठेवतो, कारण पुढं लागणार आहे.

प्लास्टिकचं खूळ त्याला छावणीवरून लागलं. गावाबाहेर जनावरांची चारा छावणी होती. तिथं पेंडीच्या पोत्यांचे ढीग साठले. वाळलेल्या बागांतून लोकांनी ठिबकच्या नळ्या उपटून बांधावर फेकल्या. पाण्याचे पाऊच तर जिकडं तिकडं. जनावरं भुकेनं पोती चघळायची. फिटर रोज छावणीवर जाऊन म्हशीच्या तोंडातून पोती ओढून काढायचा आणि म्हशीला म्हणायचा, "सोड बे."

ती पोती त्यानं शेडमध्ये आणली. जिनिंगमध्ये सरकीचं तेल काढायचं जुनं यंत्र होतं. एका जाड लोखंडी नळ्यात मोठा स्क्रू फिरतो आणि माल पुढं दाबत नेतो. फिटरनं त्या नळ्याभोवती भट्टी बांधली. एका तोंडानं प्लास्टिक घालायचं, दुसऱ्या तोंडानं ते चिकाच्या वड्यांसारखं मऊ होऊन बाहेर येतं, ते लोखंडी साच्यात भरायचं, साचा पाण्यात बुडवायचा, थंड झालं की फळी. मी बघायला गेलतो. मान्य करतो की फळी सरळ होती. पण मी ते त्याला सांगितलं नाही.

कोणतं प्लास्टिक चालतं आणि कोणतं नाही, याची त्याची परीक्षा होती. दोऱ्याएवढा तुकडा कापायचा, काडी लावायची, विझवून हुंगायचा. "मेणबत्तीचा वास आला की घ्या. नाक झोंबलं की विखारी माल, फेका." गावातल्या अकरा बाया त्याच्याकडं प्लास्टिक निवडायला जायच्या. त्यांत कौसाबाई सगळ्यांत हुशार. नवरा वारलेला, बागेतली खुरपणीची कामं दुष्काळानं गेलेली. ती काडी न लावताच नुसती नळी वाकवून सांगायची. फिटर तिला म्हणायचा, "बाई, तू माझ्या पोटावर पाय देतीस." ती म्हणायची, "पोट हाय कुठं तुमाला?" खरंच नव्हतं. अंगात नुसता काटकुळा बांधा आणि डोक्याला कायम यंत्र पुसायचा कापसाचा फडका गुंडाळलेला.

पाण्यावरून मात्र बायांचं आणि त्याचं वाजलं. माणसांना प्यायला पाणी नाही आणि हा साचे बुडवायला हौद भरून ठेवतो म्हणून टँकरवर भांडण झालं. फिटरनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं टँकरचं पाणी हौदात घेणं बंद केलं. आपल्या वाट्याच्या दोन घागरींतली एक हौदात ओतायची आणि आंघोळ करायची नाही. तेच पाणी चार महिने झाकून वापरलं. अंगाला वास यायला लागला. कुणी नाक धरलं की म्हणायचा, "फळ्या आंघोळ करत्यात, मी न्हाई. दोघांचं भागत न्हाई बे."

मग आमच्याकडं जे होतं तेच झालं. कोणत्याही कामाचं थोडं नाव झालं की संस्था निघते. अकरा बाया, बागा वाळलेले काही शेतकरी आणि फिटर मिळून सहकारी संस्था काढायची ठरली. चेअरमन कोण, तर जिनिंगचे जे चेअरमन तेच. त्यांच्याशिवाय आमच्या गावात कागद पुढं सरकत नाही आणि शेडही त्यांच्याच ताब्यात. चेअरमन शेडमध्ये आले, फळीवर बूट घासून बघितला आणि म्हणाले, "घरकुलाची चाळीस घरं मंजूर हायेत. दारांच्या चौकटी तुमच्या घेऊ. पण आधी एक चौकट गावात बसवा. उन्हाळा काढला तिनं, तर चाळीस तुमच्या. न्हाई काढला, तर शेड रिकामं करायचं. मला गोदामाला पायजे."

फिटर म्हणाला, "लिहून दे बे."

चेअरमननी लिहून दिलं नाही, पण बायांसमोर बोलले होते. आमच्याकडं तेवढं पुरतं.

कौसाबाईच्या घराची चौकट वाळवीनं खाल्ली होती, म्हणून तिथं बसवायचं ठरलं. पण पहिली चौकट तिनंच परत पाठवली. कारण उंबरा. सकाळी उंबरा पुसून हळद-कुंकू लावायचं, हे बाईमाणूस दुष्काळातही सोडत नाही. त्या गुळगुळीत उंबऱ्यावर हळद लावली की वाळून पापुद्रा निघायचा आणि वाऱ्यानं उडून जायचा. कौसाबाई म्हणाली, "ज्या उंबऱ्याला हळद लागत न्हाई तो मी घरात कसा घेऊ?"

मला लई आनंद झाला. मी म्हटलं, "बघ, लाकूड ते लाकूड."

फिटर पंधरा दिवस शेडबाहेर पडला नाही. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांची, त्यानं भुकटी केली. ती कमी-जास्त घालून वीस तुकडे ओतले, तारेच्या ब्रशानं घासले आणि रोज सकाळी प्रत्येकाला हळद लावून बघत बसला. हात कोपरापर्यंत पिवळे. चहाच्या टपरीवर आला की पोरंटोरं सोडा, म्हातारेसुद्धा विचारायचे, "काय फिटर, हळद लागली? लग्न कवाचं हाय?" तो शांतपणे म्हणायचा, "नवरी उंबरा हाय. अजून हो म्हणली न्हाई."

सोळाव्या तुकड्याला हळद बसली. पाण्यानं धुतली तरी डाग राहिला. रंगही वाळल्या बाभळीसारखा आला. रंधा मारून बघितला तर भुसा निघाला. मी घरी येऊन बायकोला म्हटलं, "जमलंय लेकाचं." तिनं विचारलं, "मग त्याला सांगितलं का?" मी म्हटलं, "मी कशाला सांगू?"

आता चौकट बसवायची पाळी माझी. आमच्याकडं चौकट सुतारानंच बसवायची. तिची पूजा होते, सुताराला नारळ, टॉवेल आणि टोपी मिळते. तो मान आहे. मी आधी नाहीच म्हणालो. फिटर तीन वेळा घरी आला. तिसऱ्या वेळी म्हणाला, "मिस्तरी, फळी मी करीन. पण ओळंबा लावून चौकट सरळ करायचा हात माज्याकडं न्हाई." मग मी हो म्हटलं.

चौकट बसवायच्या आदल्या संध्याकाळी तो दोन पट्ट्या घेऊन आला. त्याच मालाच्या, हातभर लांब, बरोबर दोन सूत जाड. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. म्हणाला, "मिस्तरी, भिंत आणि चौकट ह्यांच्यात ह्या पट्ट्या धरा, बोल्ट आवळा, मग पट्ट्या काढून घ्या. फटीत सिमेंट भरू नका, काथ्या भरा. हा माल उन्हात फुगतो. त्याला जागा लागती."

जागा हा त्याचा लाडका शब्द. जिनिंगमध्ये शाफ्टला जागा सोडावी लागते, नाहीतर तो तापून अडकतो, हे तो दर दोन दिवसांनी कुणाला तरी ऐकवायचा. सभेत माणसं खेटून बसली तरी म्हणायचा, "जागा सोडा बे, तापाल."

मी म्हटलं, "फिटर, मी चाळीस वर्षं चौकटी बसवतोय. माझ्या चौकटीत आणि भिंतीत केस जात न्हाई. आन तू मला फट सोडायला सांगतोस?"

"लाकडाला न्हाई सांगत. ह्याला सांगतोय."

"आणि ही बोल्टाची भोकं लांबट कशी? गोल पाडता येईनात तुला?"

"ती मुद्दाम हायेत. सरकायला."

"चौकट सरकती व्हय? बैल हाय का ती?"

तो पट्ट्या ओट्यावर ठेवून गेला. आमच्या रांजणाची तिवई एका बाजूला कलली होती. मी त्या दोन्ही पट्ट्या एकावर एक ठेवून तिच्या पायाखाली सारल्या. रांजण बरोबर बसला.

दुसऱ्या दिवशी माघातल्या थंडीत मी कौसाबाईची चौकट बसवली. चारी बाजूंनी सिमेंट ठासून भरलं. बोल्ट असे आवळले की पान्हा वाकला. हळद-कुंकू झालं, नारळ फुटला, कौसाबाईनं मला टॉवेल दिला, डोक्यावर टोपी ठेवली. फिटर तेव्हा शेडमध्ये भट्टीवर होता, मागून आला. तोपर्यंत मी वरून गिलावा ओढला होता. चौकट आरशासारखी दिसत होती. त्यानं पेरानं टकटक केलं, थोडा वेळ कान लावून उभा राहिला. मग म्हणाला, "बेस." टोपी घालून मी, गावाला दिसावी म्हणून, सरळ रस्त्यानं न जाता वळसा घालून घरी गेलो.

मे महिन्यात एका दुपारी कौसाबाई घरात अडकली. दार लावून जरा आडवी झालती. उठून उघडायला गेली तर दार हलेना. चौकटीच्या दोन्ही उभ्या फळ्या आत पोट काढून दारावर आल्या होत्या. वर पत्रा, आत भट्टी. ती ओरडायला लागली. चार माणसांनी पहारीनं दार फोडून तिला बाहेर काढलं. तोंड लालभडक झालं होतं, पण बोलत होती. पहिलं वाक्य बोलली ते, "फिटरभाऊला कुणी काय म्हणू नका."

म्हणणारे म्हणालेच. संध्याकाळी शेडमध्ये सभा भरली. चेअरमन खुर्चीवर, बाया जमिनीवर, फिटर त्याच्या स्वतःच्या फळीवर. मी खांबाला टेकून उभा, डोक्यावर तीच टोपी, खांद्यावर तोच टॉवेल. उपटलेली चौकट मधोमध आडवी टाकलेली. तिला अजून सिमेंटाचे तुकडे चिकटलेले होते.

चेअरमन म्हणाले, "बोल फिटर. माल खोटा निघाला का न्हाई?"

फिटर उठला. चौकटीपाशी बसून त्यानं नख फिरवलं. सिमेंटाचा एक तुकडा सुटून हातात आला. त्यानं तो दोन बोटांत फिरवून बघितला. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. माझ्या घरच्या चौकटीवर टकटक करून बघितलं होतं, अगदी तसंच.

मी टॉवेलानं तोंड पुसलं.

तो म्हणाला, "माल खरा हाय. माप चुकलं."

"कुणाचं?"

"माजं. दुसऱ्या कुणाचं असणार बे?"

चेअरमन म्हणाले, "माल काय आन माप काय, एकच झालं. उद्या दुपारपर्यंत शेड रिकामं करा." बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. कौसाबाई म्हणाली, "आवो, पण आमी जायचं कुठं?" चेअरमन उठून गेले होते. फिटर तो तुकडा खिशात घालून भट्टीची राख काढायला लागला, जणू उद्याही ती पेटवायची आहे.

मी तोंड उघडलं नाही. उघडता आलं असतं. अकरा बायांच्या पोटाचा प्रश्न होता हेही कळत होतं. पण चाळीस वर्षांत माझ्या हातची एक चौकट कुणी उपटली नव्हती, आणि ते माझ्याच्यानं म्हणवेना.

फिटर वारला त्याला आता तीन वर्षं झाली. चाळीस घरं उभी आहेत. त्यांच्या चौकटींना वाळवी नाही, हळद आहे, आणि प्रत्येक चौकटीभोवती दोन सूत काथ्या दिसतो. बाहेरगावचे सुतार बघून हसतात. त्यांना वाटतं, बसवणाऱ्याचा हात कच्चा होता. हसू द्या. मी कुणाला समजावत नाही. माझ्या घरची बापाची चौकटसुद्धा मी काढली आणि तिच्या जागी त्याच मालाची बसवली. त्याच्या खोलीतली ती बसायची फळी मी मागून घेतली. हे लिहितोय ते तिच्यावर बसून.

पण ते सगळं पुढचं. त्या संध्याकाळी मी घरी आलो आणि जेवलो नाही. बायको रांजणातून पाणी घेत होती. वाकलेली होती ती तशीच थांबली आणि म्हणाली, "आवो, ह्या पट्ट्या फिटरभाऊजींच्या न्हाईत का?"

मी म्हटलं, "असतील."

"मग चौकट बसवायला कशा न्हाई वापरल्या?"

तिनं तांब्या भरला, माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "रांजण मी विटेवर ठेवीन. तुमी तुमचं बगा."

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या सुमारास मी रांजणातलं पाणी घागरीत काढलं, एक थेंब सांडू न देता. तिवई उचलून दोन्ही पट्ट्या घेतल्या. चेअरमनच्या ओट्यावर गेलो. ते चहा घेत होते, दोनचार माणसं बसली होती. पट्ट्या त्यांच्या बशीशेजारी ठेवल्या आणि म्हणालो, "फिटरनं ह्या मला दिलत्या. दोन सूत जागा सोडा म्हणला होता. मी सोडली न्हाई. सिमेंट मी भरलं. त्याचं माप बरोबर होतं, बसवणारा चुकला. बसवणारा मी."

चेअरमननी बशी खाली ठेवली. म्हणाले, "मिस्तरी, काल सभेत कावून न्हाई बोललात?"

"काल माझ्याच्यानं बोलवलं न्हाई. आज बोलतोय. चला, उन्हाच्या आत चौकट बसवायची हाय. तुमी डोळ्यानं बगा, पुढचा उन्हाळाबी बगा, मग कुलूप लावा."

ते आले. गावातले आणखी पुष्कळ आले, कारण मी चूक कबूल केली ही बातमी माझ्या आधी कौसाबाईच्या गल्लीत पोचली होती. मी आणि फिटरनं मिळून चौकटीचं सिमेंट छिन्नीनं काढलं. काढल्यावर दिसलं, रात्रीत गार होऊन ती परत सरळ झाली होती. उभी केली, ओळंबा लावला, पट्ट्या धरल्या, बोल्ट लांबट भोकांत बेतानं आवळले. मग पट्ट्या ओढून काढल्या. चारी बाजूंनी फट दिसत होती. पलीकडचा उजेड येत होता. माझ्या हातची पहिली फट, सगळ्या गावासमोर.

कौसाबाईनं उंबऱ्याला हळद लावली. फिटर खाली बसला, पेरानं टकटक केलं, कान लावला. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाला, "आता बरोबर बसली बे."

त्यानं मला पहिल्यांदा बे म्हटलं होतं. मी डोक्यावरची टोपी काढली, त्याचा तेलकट फडका सोडून बाजूला ठेवला, टोपी त्याच्या डोक्यावर घातली आणि फटीत काथ्या भरायला बसलो.